तारीख ठरल्यावर वाढलेली भूक

आमच्या घरात वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यापासून खाणं वाढलं. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटेल. ज्या माणसाने स्वतः पुण्याला जाऊन डॉक्टर गाठले, तपासण्या केल्या, पैशांची जुळवाजुळव केली, तोच माणूस आता आधीपेक्षा जास्त कसा खातो? नातेवाइकांनी विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं. उत्तर सापडायला आम्हाला तीन महिने लागले. अशा घरांत यावर उघडपणे बोललं जात नाही, म्हणून ते इथे लिहितो आहोत.

मुलांच्या अब्बांचं वजन तेव्हा १२४ किलो होतं, उंची पाच फूट सात इंच. डॉक्टरांच्या हिशेबाने बीएमआय ४३ च्या आसपास. नऊ वर्षांचा मधुमेह, गुडघ्यांचं दुखणं, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकावर यंत्र लावून झोपायचं. पथ्यं करून झाली, चालणं करून झालं, दोनदा पंधरा-सोळा किलो कमी होऊन पुन्हा वीस किलो वाढून झालं. अशा ऑपरेशनसाठी १९९१ साली अमेरिकेत ठरलेला निकष बीएमआय ४० चा होता. सोबत मधुमेहासारखा आजार असेल तर ३५ चा. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो आणखी खाली आणला आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करावा असं सुचवलं. म्हणजे आमच्या घरातलं ऑपरेशन ही हौस नव्हती, गरज होती. तरीही आम्ही ते चारचौघांपासून लपवत होतो, कारण “पोट कापून घेणार” हे शब्द दावतीत कसे फिरतात, ते सगळ्यांना माहीत आहे.

तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. पहिल्या पाच आठवड्यांत वजन साडेचार किलोंनी वाढलं. स्कूटरच्या डिकीत खारीच्या पुड्या सापडू लागल्या. दुकान बंद करून घरी येताना रोज अर्धा तास उशीर व्हायचा. जेवण झाल्यावर सगळे झोपले की फ्रीजचा दिवा लागायचा. जुम्म्याच्या दिवशी खिमा, रविवारी बिर्याणी, मधल्या दिवशी कुणाच्या तरी घरचा दालचा. आणि प्रत्येक घासाबरोबर एकच वाक्य: “आता परत कधी मिळेल कोण जाणे.”

हा निरोप होता. माणूस गाव सोडून जाताना जसा एकेका घरी जाऊन भेटतो, तसे ते एकेका पदार्थाला भेटत होते.

एका रात्री साडेअकराला आमची मोठी लेक पाणी प्यायला उठली. अब्बा ओट्यापाशी उभे राहून, दिवा न लावता, थंड सालन आणि पाव खात होते. तिने सहज विचारलं, “अब्बा, भूक लागलीय का?” ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “नाही बेटा. भीती वाटतेय.”

दुसऱ्या दिवशी फजरनंतर चहा घेताना आम्ही दोघं त्या भीतीबद्दल पहिल्यांदा बोललो. आम्हाला वाटलं होतं भीती भूल देण्याची असेल, कापाकापीची असेल. ते म्हणाले, “ऑपरेशनची भीती नाही. त्यानंतरच्या पहिल्या दावतीची आहे. सगळे बसलेत, ताटं भरलीत आणि मी दोन चमचे खाऊन उठतोय. मग मी कोण?”

त्यांचा हा प्रश्न समजायला त्यांचं घर माहीत असावं लागतं. सासरे इचलकरंजीत यंत्रमागावर काम करायचे. घरात सात माणसं. माग चालू असले की चूल नीट पेटायची, माग बंद पडले की आठवडेच्या आठवडे काळ्या चहात पाव बुडवून भागायचं. एका मोठ्या थाळीभोवती सगळी भावंडं बसायची. जो भराभर जेवेल त्याचं पोट भरायचं. पुढे दुकान उभं राहिलं, बरकत आली, आणि त्या माणसाची सगळ्यात मोठी खुशी झाली ती लोकांना खाऊ घालण्याची. मोहल्ल्यात कुठेही लग्न असो, देगेपाशी उभे राहणारे तेच. आग्रह करणारे तेच, शेवटी जेवणारे तेच. खाणं हे त्यांचं बालपणीच्या भुकेला दिलेलं उत्तर होतं, आणि समाजातली त्यांची जागाही तीच होती. ते एका तारखेला संपणार असं वाटल्यावर मन घाबरलं, आणि घाबरलेल्या मनाला जे एकच औषध माहीत होतं ते त्याने घेतलं.

आम्ही शिक्षक लोक, काही कळलं नाही की वाचायला घेतो. तेव्हा समजलं की हे फक्त आमच्या घरात घडत नाही. टोरांटो विद्यापीठातल्या पीटर हर्मन आणि जेनेट पॉलिव्ही यांनी एका सहकाऱ्यासह २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणींना सांगितलं की उद्यापासून तुम्हाला आठवडाभर कमी खायचं आहे. बाकीच्यांना तसं काही सांगितलं नाही. मग सगळ्यांना बिस्किटांची चव सांगायला बसवलं. ज्या एरवीही वजनाच्या काळजीने हात आखडून जेवायच्या, त्यांनी उद्याच्या पथ्याचं ऐकून जास्त बिस्किटं खाल्ली. पथ्य अजून सुरूही झालं नव्हतं. नुसती चाहूल पुरली.

त्याआधीचा एक मोठा प्रयोग १९४४-४५ सालचा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या राजीखुशीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपाशी माणसांना सावरायचं कसं, ते समजून घ्यायचं होतं. त्या तरुणांच्या मनात दिवसरात्र फक्त जेवण घोळू लागलं. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर कितीतरी जण पोट तुडुंब भरलं तरी समाधान होत नाही म्हणून खात राहिले. ही सगळी धडधाकट, समजूतदार माणसं होती. तुटवडा झाला, किंवा तो होणार असं वाटलं, की शरीर आणि मन साठा करू लागतात. याला हावरेपणा म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

आपल्याकडे मात्र याला पहिलं नाव हावरेपणाचंच मिळतं. “तोंडाला कुलूप लावा, ऑपरेशन कशाला?” “रोजे ठेवा, आपोआप उतरेल.” पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही हदीस आम्हाला त्या काळात जेवढ्या वेळा ऐकवली गेली तेवढी आयुष्यात ऐकली नसेल. हदीस मोलाची आहेच. पण ती नसीहत म्हणून सांगणं वेगळं आणि जाड्या माणसाच्या ताटाकडे बघत ताना म्हणून मारणं वेगळं. आणि गंमत अशी की ताना मारणारा हातच पुढच्या मिनिटाला “और थोडा लेव ना” म्हणत तिसरी पळी वाढत होता.

साडेचार किलो वाढल्यावर पुण्याच्या सर्जननी साखरेचे आकडे बघितले आणि तारीख एक महिना पुढे नेली. परतीच्या गाडीत अब्बा खिडकीबाहेर बघत बसले होते. साताऱ्यापाशी म्हणाले, “रात्रीच्या खाण्याचं सांगितलं तर ऑपरेशनच रद्द करतील.” असं बहुतेकांना वाटतं. पुढच्या खेपेला आम्ही दोघांनी मिळून आहारतज्ज्ञ बाईंना आणि मानसतज्ज्ञांना सगळं सांगितलं. काहीही रद्द झालं नाही. मानसतज्ज्ञ म्हणाल्या, “माझ्याकडे यायचं ते पास-नापास व्हायला नाही. हे आधी कळलं तर नंतरचं सोपं जातं.”

नंतरचं म्हणजे काय, ते त्यांनी समजावलं. आमच्या घरी ठरलेल्या ऑपरेशनमध्ये, ज्याला स्लीव्ह म्हणतात, जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात आणि केळ्यासारखी अरुंद पिशवी शिल्लक ठेवतात. त्यात एका वेळी छोटी वाटीभरच मावतं. भुकेचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागात बनतं, म्हणून भूकही बरीच शमते. पण जे खाणं भुकेपोटी नव्हतंच, ते भूक शमल्याने कसं थांबणार? पोट लहान होतं, भीती तेवढीच राहते. मग पोळी-भाजी बसत नाही, पण आइस्क्रीम, चॉकलेट, वेफर्स, गोड सरबत सहज खाली उतरतं. दिवसभर थोडं थोडं असं खात राहिलं की एक-दोन वर्षांनी वजन परत चढू लागतं. सर्जनची सुरी भीतीपर्यंत पोहोचत नाही. त्या भीतीवर काम घरातच, आणि शक्यतो आधीच, सुरू करावं लागतं.

ते काम आमच्याकडे कसं झालं, ते क्रमाने सांगतो.

फ्रीजला कुलूप लावायचा सल्ला अनेकांनी दिला. तो आम्ही घेतला नाही. कुलपाने तुटवडा आणखी खरा वाटतो, आणि डिकीला कोण कुलूप लावणार? त्याऐवजी खारी, फरसाण, बिस्किटं सगळ्यांसाठीच घरात आणणं थांबवलं. मुलांनी आठवडाभर कुरकुर केली, मग चणे-शेंगदाण्यांवर रुळली.

दुसरं, वही. कॅलरी मोजायच्या नव्हत्या. किती वाजता खाल्लं, कुठे, आणि त्या आधी मनात काय चाललं होतं, एवढंच लिहायचं होतं. अब्बांनी दुकानातली उधारीची वही उलटी करून मागच्या पानापासून सुरुवात केली. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट दिसलं. सकाळी चहा, मग दुपारी तीनपर्यंत काहीच नाही. ज्या दिवशी येणी अडकली त्या रात्री खाणं. ज्या दिवशी ऑपरेशनबद्दल कुणाचा फोन आला त्या रात्री खाणं. आठ-नऊ तास रिकामं ठेवलेलं पोट आणि वरून काळजी, रात्री दोन्ही एकत्र वसुलीला यायची.

म्हणून तिसरं, वेळा. सकाळी आठला अंडं किंवा मुगाचं धिरडं, दुपारी एकला दुकानात डबा, पाचला ताक आणि मूठभर चणे, रात्री साडेआठला सगळ्यांनी एका दस्तरखानावर जेवण. भूक असो वा नसो, वेळ चुकवायची नाही. पंधरा दिवसांत रात्रीची निम्मी ओढ कमी झाली. वजन कमी करायच्या आधी नियमाने पोटभर खायला शिकावं लागतं, हे आम्हाला नवीन होतं.

चौथी गोष्ट निरोपाची. आहारतज्ज्ञ बाईंनी अब्बांना विचारलं, “कायमचं सुटणार असं वाटणाऱ्या पदार्थांची नावं सांगा.” बिर्याणी, खिमा, शीरखुर्मा, मोहरमचे चोंगे, अशी अकरा नावं निघाली. त्यांनी एकेकावर बोट ठेवून सांगितलं की हे तीन महिन्यांनी चार घास, हे सहा महिन्यांनी, हा गोड पदार्थ सणाला दोन चमचे. कायमचं बंद झाली ती फक्त गॅसची थंड पेयं. अब्बांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. ज्याची पुन्हा भेट होणार आहे, त्याचा एवढा निरोप कशाला घ्यायचा? त्या कागदाने जेवढं शांत केलं, तेवढं आमच्या कुठल्याही समजावण्याने केलं नव्हतं.

पाचवं, सराव. ऑपरेशननंतर जसं जेवायचं तसं आधीच जेवून बघायचं. छोटी ताटली, नखाएवढा घास, तो पूर्ण बारीक होईपर्यंत चावायचा, एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं. जेवताना पाणी नाही. आधी आणि नंतर अर्धा तास अंतर. एका थाळीत भराभर जेवलेल्या माणसाला हे फार जड गेलं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “हे जेवण आहे की इम्तिहान?” पण दहा-बारा दिवसांनी त्यांनीच सांगितलं की दालच्यातली चिंच इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट लागली.

सहावं, रात्रीची लाट. खायची अनिवार इच्छा लाटेसारखी येते, चढते आणि उतरते. ती आली की स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं, मिरजेच्या धाकट्या भावाला फोन लावायचा किंवा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा स्वतःला विचारायचं. तरीही खावंसं वाटलं तर ताटलीत वाढून, दिवा लावून, बसून खायचं. अंधारात उभं राहून नाही. कितीतरी रात्री त्यांनी असं बसून खाल्लंही. पण लपवणं संपलं, आणि लपवणं संपल्यावर प्रमाण आपोआप घटलं.

त्या महिन्यात घरात दोन लग्नं होती. अब्बांनी देगेपाशी उभं राहायचं काम चुलतभावाला दिलं आणि स्वतः दारात मेहमानांच्या इस्तिकबालाला उभे राहिले. “जेवलात का?” विचारणाऱ्याला “जेवलो, अल्हम्दुलिल्लाह” एवढंच उत्तर. किती जेवलो, ते कुणाला सांगायची गरज नव्हती. समाजातली जागा गेली नाही. देगेपासून दारापाशी आली.

शेवटचे दोन आठवडे पातळ आहाराचे. दिवसाला साधारण ८०० ते १००० कॅलरी: प्रोटीनची पावडर, ताक, गाळलेली यखनी, पातळ वरणाचं पाणी. हे वजनासाठी कमी आणि यकृतासाठी जास्त असतं. लठ्ठपणात यकृतात चरबी साठून ते मोठं होतं, आणि त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. पंधरा दिवस असा आहार घेतला की यकृत आकसतं आणि दुर्बिणीतून काम करणाऱ्या सर्जनला जागा मिळते. हे कारण कळल्यावर पथ्य शिक्षा वाटत नाही. एक सावधगिरी मात्र प्रत्येक मधुमेही घराने घ्यावी. इतकं कमी खाताना आधीच्याच गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस किती कमी करायचा, ते डॉक्टरांकडून पहिल्या दिवसाआधीच लिहून घ्यावं. तिसरा दिवस सर्वांत वाईट गेला; डोकेदुखी, चिडचिड. पाचव्या दिवसापासून सोपं झालं.

ऑपरेशन झालं त्याला आता आठ महिने होतील. वजन ९४ किलो आहे, नाकावरचं यंत्र सुटलं, मधुमेहाची एकच गोळी उरली आहे. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या मात्र आयुष्यभर घ्यायच्या आहेत. रोज्यांबद्दल बरेच लोक विचारतात. थोडं थोडं करून दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी पोटात जावं लागतं, म्हणून डॉक्टरांनी यंदा थांबायला सांगितलं. आजाऱ्याला कुराणानेच सवलत दिली आहे, मशिदीच्या मौलानांनीही तेच सांगितलं. भीती पूर्ण गेली असं नाही. येणी अडकली की वही अजूनही उघडते.

तुमच्या घरात कुणी अशा तारखेची वाट बघत असेल आणि त्याचं खाणं वाढलं असेल, तर त्याच्या पोळ्या मोजू नका. दिवसभरात तो किती तास उपाशी असतो ते बघा, आणि त्याला कशाची भीती वाटते ते विचारा. जे चाललंय ते डॉक्टरांपासून लपवू देऊ नका. थोड्या वेळात खूप खाल्लं जातंय, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललंय, तर हा स्वतंत्र आजार असू शकतो. २०१३ पासून मानसोपचाराच्या अधिकृत यादीत त्याची वेगळी नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. जवळपास कुणी तज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आणि दावतीत अशा माणसाच्या शेजारी बसलात, तर ना आग्रह करा, ना नसीहत. त्याच्या दुकानाची खुशाली विचारा, मुलांच्या शाळेचं विचारा. त्याचं ताट त्याच्यावर सोपवा.